बॅटरी बदलली का?

गाडी आमच्या दारातच बंद पडली तेव्हा सन्मतीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि मी तो नीट बघून घेतला.

माघातला शनिवार, दुपारचे साडेतीन. सन्मती, माझा धाकटा भाऊ, पुण्याहून कोल्हापूरला निघाला होता, बायकोच्या चुलतबहिणीच्या लग्नाला. जयसिंगपूर काही त्या वाटेवर नाही. वाट वाकडी करून आलोय, हे त्याने आल्याआल्याच सांगितलं होतं. चहा पिऊन, घड्याळ दोनदा बघून तो आणि त्याची बायको केतकी गाडीत बसले. त्याने बटण दाबलं. समोरच्या पडद्यावर लाल-पिवळी चित्रं उमटली, आत कुठेतरी टकटक झालं आणि चित्रंही विझली.

ती जर्मन गाडी होती. त्याने ती चार वर्षं वापरलेली घेतली होती, पण हे तो सांगत नसे. घेतल्यापासून दर फोनवर तिची एखादी नवी हुशारी ऐकावी लागे. पाऊस आला की ती काचा आपणहून पुसते, अंधारून आलं की दिवे आपणहून लावते. मला वाटायचं, मग चालवणाऱ्याला बरोबर घेते तरी कशाला.

अण्णा, आमचे वडील, दुकानातून फडक्याला हात पुसत बाहेर आले. आमचं घर दुकानाच्या मागेच. पुढे रस्त्याला पाटी, ‘चौगुले ऑटो इलेक्ट्रिकल्स’, तेव्हा तिला एक्केचाळीस वर्षं झाली होती.

“बॅटरी गेली,” अण्णा म्हणाले.

“तुम्ही बघितली पण नाही अजून.”

“ऐकली की.”

सन्मतीने काच खाली करायचा प्रयत्न केला. तीही विजेवर चालणारी. शेवटी दार उघडून तो बाहेर आला. “अण्णा, तुम्ही हात नका लावू. यांची हेल्पलाइन असते. चोवीस तास.”

हेल्पलाइनने त्याला वीस मिनिटं संगीत ऐकवलं. मग एका मुलीने अत्यंत अदबीने सांगितलं की उद्या दुपारपर्यंत माणूस येईल. लग्न उद्या सकाळी दहाचं होतं. केतकी गाडीतून उतरली नव्हती. मांडीवर दागिन्यांचा डबा घेऊन ती सरळ समोर बघत होती, जणू गाडी चालूच आहे.

“मी बदलून देतो,” अण्णा म्हणाले.

“अहो, ही जीप-ट्रॅक्टरसारखी नाही. नुसती बदलून चालत नाही हिला.”

“ठाऊक हाय. नोंदवावी लागते.”

सन्मतीने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरावं लागलं. पाळलेल्या पोपटाने एकदम हिशेबातली चूक काढावी, तसं.

मला नवल वाटण्याचं कारण नव्हतं. आदल्या वर्षी अण्णांनी स्कॅनर घेतला होता. गाडीला जोडायचा आणि तिच्या पोटातलं वाचायचं यंत्र. ते शिकायला ते तीन दिवस कोल्हापूरला जाऊन आले, पंचविशीतल्या पोरांमध्ये शेवटच्या बाकावर बसून. येताना जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. अण्णा मराठी सातवी. त्यांना इंग्रजी अक्षरं लागायची, वाक्य लागायचं नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. रोज जेवणं झाल्यावर मी ते पुस्तक त्यांना मराठीत सांगायची आणि ते वहीत लिहून घ्यायचे. दुकानात गाडी आली की हात त्यांचे किंवा दस्तगीरचे, आणि पडदा वाचायला मी. दस्तगीर बावीस वर्षं त्यांच्याकडे होता, पण इंग्रजीला तोही बिचकायचा. त्या दिवशी तो भाचीच्या लग्नाला मिरजेला गेला होता.

“नोंदवायची म्हणजे काय करायचं नक्की?” सन्मतीने विचारलं. तोंडी परीक्षा घेतात तसं.

अण्णांनी परीक्षा दिली. त्याचंच मला वाईट वाटलं.

“बॅटरी जुनी होत जाती तशी ही गाडी तिला जास्त चार्ज देत जाती,” ते म्हणाले. “म्हाताऱ्या माणसाला औषधं वाढवत न्यावीत तसं. आता नवी घातली आणि गाडीला सांगितलंच न्हाई, तर तिला वाटतंय, जुनीच हाय. नवीलाबी तेवढीच औषधं पाजत बसती. मग नवी वर्षा-दीड वर्षात खलास. म्हणून तिला कळवायचं, बाई, बॅटरी बदलली.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “गाडी न्हवं गं ही. तहसील कचेरी हाय. वस्तू बदलली तरी अर्ज करायला लागतोय.”

मी हसले. सन्मती हसला नाही.

बॅटरी दुकानात होती. अण्णांनी ती डिसेंबरातच मागवून ठेवली होती. जयसिंगपुरात तसली गाडी तेव्हा कुणाकडे नव्हती. कुणासाठी मागवली, हे मी विचारलं नव्हतं. त्याआधी एकदा त्यांनी फोनवर सन्मतीला, तुझ्या गाडीत कितीची बॅटरी बसते, असं विचारलं होतं आणि तो, मला कसं माहीत असेल अण्णा, मीटिंगमध्ये आहे, असं म्हणाला होता. अण्णांनी अंदाजाने ऐंशी अँपिअरची मागवली. गाडीच्या कागदांत बघतात तर आतली नव्वदची.

“चालतंय,” अण्णा म्हणाले. “फक्त तेबी सांगावं लागंल गाडीला. नव्वदच्या जागी ऐंशी.”

त्या गाडीत बॅटरी पुढे नसते, मागे डिकीच्या तळाशी असते. केतकीच्या साड्यांच्या दोन बॅगा, आहेराचे खोके, सगळं काढून आमच्या कट्ट्यावर ठेवावं लागलं. केतकी तेव्हा उतरली, बॅगांजवळ उभी राहायला. अण्णा डिकीत वाकले. त्यांनी आधी दुसरी एक बॅटरी वायरींनी बाहेरून जोडली, गाडीची स्मरणशक्ती जाऊ नये म्हणून. मग काळी तार सोडवली, मग लाल. सत्तरीचा माणूस, गुडघा डिकीच्या काठावर टेकवलेला, पाठीवर सदरा घामाने चिकटलेला. माझा भाऊ दोन हात लांब उभा राहून, ओरखडा पडू नये म्हणून लक्ष ठेवत होता.

“अण्णा, पट्ट्याचं बक्कल लागेल हं रंगाला.”

अण्णांनी पट्टा काढून माझ्याकडे दिला आणि एका हाताने पँट धरून पुन्हा वाकले.

नवी बॅटरी बसवण्याआधी त्यांनी दुकानातून आकड्यांच्या ठशांची डबी आणली. त्यांच्या दुकानातून बॅटरी गेली की शिशाच्या टोकावर तारीख ठोकलेली असायचीच. हॅमरचे हलके ठोके. नऊचा वेगळा ठसा नसतो, सहाचाच उलटा धरायचा. शून्य नऊ, शून्य दोन, एकोणीस.

“हे काय करताय?” सन्मती पुढे झाला. “नवीन वस्तूवर ठोकताय कशाला?”

“तारीख. उद्या कोण बी म्हणायला नको, चौगुल्यानं जुनी घातली.”

तेव्हा सन्मती केतकीकडे वळला आणि इंग्रजीत बोलला. आम्ही दोघं बहीणभाऊ एकाच शाळेत एकाच मास्तरांकडे इंग्रजी शिकलो होतो, हे तो त्या वेळी विसरला असावा. किंवा मी ऐकते आहे याने काही फरक पडतो, असं त्याला वाटलं नसावं. तो म्हणाला, करू दे त्यांना, तेवढंच बरं वाटेल. पुण्याला गेलो की मी हे सगळं नीट करून घेणार आहे.

अण्णांचं डोकं डिकीत होतं.

“काय म्हणाला गं?” त्यांनी हळूच विचारलं.

“म्हणाला, अण्णांच्या हाताला यश आहे.”

त्यांचे कान लाल झाले. कौतुक झालं की त्यांचे कान लाल व्हायचे. मी ते पाहिलं, आणि इतका वेळ जो तिटकारा मी भावासाठी जपून ठेवला होता, त्यातला थोडा अण्णांकडे सरकला. एक्केचाळीस वर्षं ज्याच्या दारात ट्रकवाले रांग लावायचे तो माणूस, कोणापुढे परीक्षेला बसलाय. आणि शेजारी पट्टा धरून उभी असलेली मी. वर्षभर रोज पुस्तक सांगणारी. मला ते कधी म्हणाले नव्हते, तुझ्या वाचण्याला यश आहे म्हणून.

पावणेसहाला मी म्हणाले, “अण्णा, आधी जेवून घ्या. दिवस मावळेल.”

“झालंच.”

आम्ही जैन. दिवस मावळला की आमच्याकडे चूल बंद. आई गेल्यापासून अण्णांचा नेम आणखी कडक होता, मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. सन्मतीचा नेम कॉलेजच्या वसतिगृहातच सुटला होता. त्याची हरकत नव्हती, माझीही नव्हती. पण त्याने एकदा तरी म्हणावं, अण्णा, जेवून घ्या, मी थांबतो. तो फोनवर कुणाला तरी हॉटेलात टेबल राखून ठेवायला सांगत होता.

मी सव्वासहाला परत म्हणाले. अण्णा डिकीतल्या नळीशी झगडत होते. गॅस बाहेर जायची बारीक नळी, तिचं तोंड नव्या बॅटरीला घट्ट बसत नव्हतं. ती बसली तेव्हा समोरच्या तंबाखूच्या वखारीमागे सूर्य गेला होता.

“आता राहू दे,” ते म्हणाले. “स्कॅनर आण.”

मी चालकाच्या जागेवर बसले. मऊ कातडी खुर्ची, अत्तराचा वास. अण्णा उघड्या दारापाशी उकिडवे बसले. स्कॅनर माझ्या हातात. पुढचा अर्धा तास मी वाचत गेले आणि ते सांगत गेले, वही न बघता. गाडीचं मॉडेल. बॅटरीचा प्रकार. मग क्षमता. नव्वद खोड, ऐंशी भर. भरलं. सन्मती बाहेर फेऱ्या मारत होता.

शेवटचा पडदा आला.

“काय म्हणतंय?” अण्णांनी विचारलं.

“विचारतंय, बॅटरी बदलली का.”

“बदलली म्हणावं. हो दाब.”

मी बटण दाबलं. पडदा बदलला, पुन्हा पहिली यादी आली.

“झालं?”

“झालं.”

अण्णा माझ्या खांद्याला धरून उठले. गुडघे वाजले. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. “वा, अण्णा,” सन्मती म्हणाला आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. वडिलांच्या पाठीवर थाप. केतकीने वाकून नमस्कार केला. सामान भरलं गेलं.

“चार वर्षं बघायला नको,” अण्णा म्हणाले.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ते एका हाताने पँट धरून उभे होते. मी पट्टा पुढे केला.

“बघितलंस? पोराला पटलं.”

“तुम्ही उपाशी राहिलात.”

“एका दिवसानं काय होतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात जायला धोतर नेसताना ते पलंगाच्या काठावर बसले. मी हाक मारली तेव्हा बसलेलेच होते, मान फक्त एका बाजूला कलली होती. डॉक्टर म्हणाले, दुसरा कुठलाही दिवस असता तरी हेच झालं असतं. ते मला पटलं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

सन्मती लग्न सोडून पाऊण तासात आला. गाडी एका झटक्यात चालू झाली म्हणून लवकर पोचलो, असं तो आलेल्या प्रत्येकाला सांगत होता. भेटायला आलेले लोक अण्णांबद्दल बोलायचे आणि मग गाडीभोवती एक फेरी मारून यायचे.

वर्षही झालं नव्हतं, आणि ती बॅटरी कराडजवळ हायवेवर बसली. पुण्याच्या कंपनीच्या वर्कशॉपने एक कागद दिला. सन्मतीने तो मला फोनवर वाचून दाखवला: बॅटरी बदलल्याची नोंद गाडीत नाही.

“काय म्हणायचं आता, अक्का,” तो म्हणाला. “एवढा थाट केला, आणि मुख्य तेवढंच विसरले.”

मी म्हणाले, “हं.”

तेव्हापासून ही आमच्या घराण्याची गोष्ट झाली. बारशात, साखरपुड्यात, पंगत उठल्यावर पान खाताना. सन्मती ती चांगली सांगतो. अण्णांचा आवाज काढतो. ‘गाडी न्हवं, तहसील कचेरी हाय’ यावर हसू येतंच, मग तो क्षणभर थांबतो आणि म्हणतो, “आणि अर्ज करायलाच विसरले.” लोक डोळे पुसत हसतात. चुलते म्हणतात, हाताचा मोठा गुणी माणूस, पण नव्या यंत्रांपुढे काय करणार. मी तिथे असते. कुणाला ताक हवं का बघत असते. इतक्या वर्षांत सन्मतीचा तिटकारा करायला मला ही गोष्ट फार उपयोगी पडली. ज्याने आपल्या उपाशी बापाची अशी पंगतीत नक्कल केली, त्याच्याबद्दल वेगळं काही वाटून घ्यायची गरजच उरत नाही.

गेल्या जानेवारीत तो पुन्हा आला. गाडी तीच. एवढी मिरवलेली गाडी त्याने इतकी वर्षं का ठेवली, हे मी कंजूषपणात जमा केलं होतं. दुकान आता दस्तगीर चालवतो. पाटी त्याने बदलली नाही. सन्मतीनेच गाडी दुकानापुढे लावली. पुण्यातल्या वर्कशॉपने घातलेली बॅटरीही आता थकली होती.

“दस्तगीर, नोंदवायला विसरू नको बाबा,” सन्मती म्हणाला. “आमच्या घराण्यात ते चालत आलंय.”

दस्तगीर हसला नाही. तो या गोष्टीला कधीच हसत नसे. गाडीची कागदपत्रं बघताना त्याला तो जुना कागद सापडला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने तो उजेडात धरला. इंग्रजीला तो आता बिचकत नाही.

“दादा, हा अण्णांच्या बॅटरीचा का?”

“तोच. ऐतिहासिक दस्तऐवज.”

“तुम्ही खालची ओळ सांगता कायम. वर काय लिहिलंय वाचलं का? क्षमता ऐंशी केलेली आहे. नव्वदची ऐंशी कुणी केली?”

“अण्णांनी. मग?”

“मग ते इथपर्यंत आले. हे अवघड काम आहे, दादा, चुकतात लोक. ते केलं, आणि पुढचं नुसतं हो म्हणायचं तेवढं राहिलं? दारापर्यंत जाऊन माणूस कडी वाजवायची विसरतो होय? मी बावीस वर्षं काम केलं त्यांच्या हाताखाली. तारीख ठोकल्याशिवाय बॅटरी दिली नाही त्यांनी कधी.”

“वय झालं होतं, दस्तगीर.”

“असेल,” दस्तगीर म्हणाला. पटलं नाही की तो असंच म्हणतो.

सन्मतीने त्याच्या हातातून कागद घेतला. घडी घालायला वेळ लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “खरं तर चूक माझी आहे. मी पुण्याला जाऊन सगळं परत तपासून घेणार होतो. तसं ठरवलंच होतं. पण ते गेल्यावर नाही नेली. मला वाटलं, त्यांनी शेवटचं केलेलं काम आहे, त्यावर कशाला कुणाचा हात. ती बॅटरी अजून घरी आहे, अक्का. बाल्कनीत. केतकी म्हणते भंगारात द्या. तारीख आहे ना तिच्यावर.”

मी रस्त्याकडे पाहिलं. समोर वखारीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

दस्तगीरने नवी बॅटरी बसवली, ठसे काढून तारीख ठोकली. ठसे अण्णांचेच. मग जुन्या सवयीने स्कॅनर माझ्या हातात दिला. “ताई, तुम्ही बसा आत. मी सांगतो.”

मी आत बसले. खुर्चीचं कातडं आता भेगाळलं आहे. मी वाचत गेले, तो सांगत गेला. सन्मती उघड्या दाराला टेकून उभा होता, जिथे अण्णा उकिडवे बसले होते तिथे. शेवटचा पडदा आला. त्यावर दोन चौकोन. हो. नाही.

“काय विचारतंय?” सन्मतीने विचारलं.

“बॅटरी बदलली का, म्हणून.”

“हो दाबा, ताई,” दस्तगीर म्हणाला.

मी हो दाबलं. एक हिरवी खूण आली आणि तिच्याखाली एक ओळ: नोंद पूर्ण. मी ती खूण त्याआधी दुसऱ्या गाड्यांवर कितीदा तरी पाहिली होती. त्या शनिवारी ती आली नव्हती.

“बघ, एवढंच होतं,” सन्मती म्हणाला. या वेळी त्याने अण्णांचा आवाज काढला नाही.

मी स्कॅनर मांडीवर ठेवला.

“सन्मती, त्या दिवशी तू केतकीला इंग्रजीत सांगितलंस, पुण्याला गेल्यावर नीट करून घेईन. मी ऐकलं होतं. अण्णांनी विचारलं, तर मी त्यांना भलतंच सांगितलं. मग हाच पडदा आला. मला वाटलं, हा नाहीतरी करून घेणारच आहे, तर घेऊ दे. अण्णा मला म्हणाले, हो दाब. ते काही विसरले नव्हते. ‘नाही’चं बटण मी दाबलं, आणि त्यांना झालं म्हणून सांगितलं.”